गाडीचा उजवा खांदा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या दारातली एक गोष्ट आम्ही सगळे रोज पाहत होतो आणि कुणालाच दिसत नव्हती. ती अम्मीला दिसली. २०२२ सालच्या पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. अम्मी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, ''तुझ्या अब्बाची गाडी खांदा पाडून उभी आहे.'' घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत सांगतो. मी म्हटलं, ''जमीन उतरती आहे, अम्मी.'' त्यावर ती म्हणाली, ''जमीन चाळीस वर्षं हीच आहे.''

मी उठून गेलो. उजव्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घातला, तर तीन बोटं कशीबशी बसली. डावीकडे चार बोटं बसून वर जागा उरली. पुढंही तसंच, मागं तर जास्तच. गाडी उजव्या अंगावर कलली होती आणि रोज तिच्यात बसणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता.

गाडी म्हणजे ॲम्बेसेडर. १९७७ ची, मार्क-३. अब्बांनी ती १९८४ मध्ये जुनी म्हणून घेतली. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकाच्या हद्दीपलीकडून, अथणी-चिक्कोडीकडून रोगी इथं येतात. अब्बा त्यांची ने-आण करत. मागच्या सीटवर आडवा झालेला माणूस, उशाशी त्याची बायको, पुढं एखादा नातेवाईक, आणि रस्ता असा की बैलसुद्धा विचार करून पाय टाकेल. त्यामुळं अब्बांना गाडीच्या वेगाचं काही नव्हतं. त्यांना गाडी कशी बसते, कशी उठते याचं पडलेलं असायचं. २०१० मध्ये ते गेले. गाडी आम्ही विकली नाही. घरातली आणि गल्लीतली प्रत्येक नवरी त्या गाडीतून सासरी गेलेली होती, आणि त्या वर्षी डिसेंबरात माझ्या पुतणीचं लग्न होतं. तिनं फुलांची सजावट करणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, गाडी आमचीच.

आता मी बी.ए., तोही मराठी घेऊन. कविता करतो. कवीला गाडीतलं काय कळणार, असं तुम्ही म्हणाल, आणि तेव्हा ते खरंही होतं. मी जवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसानं गाडीभोवती एक फेरी मारली, म्हणाला, ''टॉर्शन बार बसलाय. चढवून देतो.'' दोन तासांत त्यानं पुढची उजवी बाजू वर आणून दिली. समोरून पाहिलं तर गाडी सरळ. मी पैसे दिले आणि खुशीत घरी आलो.

तिसऱ्या दिवशी सांगली रस्त्यावर, पावसाची बारीक झिमझिम सुरू असताना, पुढच्या टेम्पोनं अचानक वेग कमी केला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबायची ती थांबत होती, पण सरळ राहिली नाही. तिचं तोंड उजवीकडं, रस्त्याच्या मध्यावर वळलं. समोरून एक स्कूटर येत होती. नवरा, बायको आणि दोघांच्या मध्ये रेनकोटातलं लहान मूल. स्कूटरवाल्यानं कशी कुणास ठाऊक बाजूला काढली. आमच्या दोघांत हातभर अंतर राहिलं असेल. तो थांबला, माझ्याकडं बघितलं, एक शब्द बोलला नाही आणि निघून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसानंतर मी गाडीच्या उंचीबद्दल शिकलो. ते तुम्हाला सांगावं म्हणून आज बोलतो आहे. ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांना उपयोग होईल. ज्यांच्याकडं नाही, त्यांनी एक यंत्र आपलं ओझं कसं वाहतं याची हकिकत म्हणून ऐकावं.

आधी या गाडीचं कूळ. ॲम्बेसेडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथं हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार झाली. मूळ गाडी इंग्लंडची, मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज-३. तिच्या मागच्या चाकांना कमानपाटे आहेत, बैलगाडीवाल्यालाही ओळखीचे वाटावेत असे, एकावर एक रचलेले. पुढच्या चाकांना मात्र पाटेही नाहीत आणि गुंडाळीची स्प्रिंगही नाही. तिथं आहे एक सरळ पोलादी कांब. तीच टॉर्शन बार. फर्डिनंड पोर्शे यांनी १९३१ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. फ्रान्सच्या सित्रोएननं १९३४ च्या गाडीत ती वापरली, आणि १९४८ च्या मॉरिस मायनरमध्ये अॅलेक इसिगोनिस यांनी ती घेतली. पुढं 'मिनी' बनवली तेच हे इसिगोनिस. ऑक्सफर्ड याच घराण्यातली, आणि तिच्यामार्फत ही कांब आपल्या मिरजेच्या खड्ड्यांपर्यंत पोचली.

ही कांब स्प्रिंगचं काम कशी करते? ओला पंचा दोघांनी मिळून पिळताना बघा. एकजण टोक घट्ट धरतो, दुसरा दुसरं टोक फिरवतो. गाडीत कांबेचं मागचं टोक धरलेलं असतं, पुढच्या सीटखालच्या आडव्या क्रॉसमेंबरला. पुढचं टोक चाकाच्या खालच्या आर्ममध्ये बसवलेलं असतं. चाक वर गेलं की आर्म फिरतो आणि कांबेला पीळ पडतो. पंचा पिळलेला तसाच राहतो. पोलाद मात्र पीळ सोडवायला बघतं, आणि त्या सोडवण्याच्या धडपडीवर गाडीचं तोंड उभं असतं. अकराशे-साडेअकराशे किलोंच्या गाडीचा पुढचा सगळा भार दोन सरळ कांबांच्या पिळावर असतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गाडीखाली वाकून पुन्हा एकदा नीट बघितलं होतं. दिसायला काहीच नाही. सळई आहे म्हणावं आणि पुढं जावं.

कांब किती कडक हे तिच्या जाडीवर फार अवलंबून असतं. लांबी दुप्पट केली तर कडकपणा निम्मा होतो. पण जाडी दुप्पट केली तर तो दोनपट, चौपट होत नाही, सोळापट होतो. उलट बाजूनं, व्यास फक्त दहा टक्क्यांनी कमी झाला तर कडकपणा एक तृतीयांशानं उतरतो. म्हणून या कांबेवर गंज चढू द्यायचा नाही, आणि तिच्यावर छिन्नी, पंच, पान्याचा दात काहीही लागू द्यायचं नाही. पिळाचा सगळ्यात मोठा ताण कांबेच्या पृष्ठभागावर असतो. तिथं ओरखडा पडला की तडा तिथूनच सुरू होतो. खूण करायची तर रंगाचा ठिपका द्यावा. गॅस वेल्डिंगची ज्योत तर जवळही नेऊ नये, पोलादाचं पाणी उतरतं. आणखी एक, डावीची कांब उजवीला आणि उजवीची डावीला घालू नये. प्रत्येक कांबेला कारखान्यात एकाच दिशेनं जास्तीचा पीळ देऊन मुरवलेलं असतं. उलट्या बाजूला घातली तर तिला जन्मभराच्या सवयीविरुद्ध पिळलं जातं, आणि ती मोडूही शकते.

मग उंची कशी बदलायची? कांबेचं जे टोक धरलेलं आहे तेच थोडं फिरवून धरायचं. बस, एवढंच. टोकाला दाते असतात. एक-दोन दाते सरकवून किंवा त्या टोकाचा लिव्हर थोडा फिरवून पुन्हा पक्का केला की तेवढ्या अंशानं चाकाचा आर्म खाली ढकलला जातो, म्हणजेच गाडी वर येते. आर्म दहा इंचांचा धरला तर एक अंश फिरवण्यात चाकाशी साडेचार मिलिमीटरच्या जवळपास फरक पडतो. एवढ्याशा हालचालीचा एवढा परिणाम, म्हणून हे काम घाईचं नाही.

दात्यांची एक गंमत सांगतो, ही फोक्सवॅगन बीटलची. तिच्या मागच्या कांबेला आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतलं टोक एक दाता फिरवलं तर ९ अंश. दहा इंचांच्या आपल्या हिशेबात ते चाळीस मिलिमीटर झाले, कामाचे नाहीत. पण आतलं टोक एक दाता पुढं आणि बाहेरचं एक दाता मागं घेतलं तर ९ अंशांतून जवळपास ८.२ अंश वजा होतात. उरतो ०.८ अंश. साडेतीन मिलिमीटर. अकरावीच्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत जो व्हर्नियर कॅलिपर हाताळायला देतात त्याची हीच युक्ती. पिएर व्हर्नियर या फ्रेंच गृहस्थांनी ती १६३१ मध्ये मांडली. मिरजेच्या माणसाला मात्र कॅलिपरपर्यंत जायची गरज नाही. आमच्याकडं सतार-तंबोरे बनतात. तंबोऱ्याची खुंटी पिळून तार अदमासानं स्वरावर आणतात आणि मग खालचा मणी केसभर सरकवून ती नेमकी लावतात. खुंटी म्हणजे दाता, मणी म्हणजे दोन दात्यांमधली वजाबाकी.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण तो मलाही होता आणि पुष्कळ गॅरेजवाल्यांनाही असतो. बार चढवला की गाडी कडक होते, असं म्हणतात. होत नाही. विहिरीचा रहाट आठवा. दोर दोन वेढे जास्त गुंडाळला तर पोहरा वर येतो, पण पोहऱ्याचं वजन तेवढंच राहतं आणि दोराला ताणही तेवढाच. गाडीचं वजन बदललेलं नाही, म्हणून कांबेला पडणारा पीळही बदललेला नाही. तो कुठून सुरू होतो तेवढंच बदललं. तरी लोकांना गाडी कडक लागते, ते खोटं बोलत नाहीत. गाडी फार वर घेतली की चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा उरत नाही. ते अडकतं आणि धक्का देतं. फार खाली असली तर उलट, चाक वर येताना रबरी बफरवर आपटतं. मधली जागा सोडली की दोन्हीकडं मार आहे. शॉक ॲब्सॉर्बरबद्दलही तसंच. साधा तेलाचा शॉक गाडीचं हेलकावणं थांबवतो, उंची धरत नाही. खाली बसलेली गाडी वर यावी म्हणून शॉक बदलणारे लोक मी पाहिलेत. पैसे जातात, गाडी तिथंच.

आता माझी गाडी वळली का? त्या गॅरेजवाल्याची चूक काय होती?

हे मला ज्यांनी समजावलं ते आमचे जुने मिस्त्री. वय ऐंशीच्या घरात. गॅरेज केव्हाच मुलाच्या हवाली केलेलं, स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसतात. अब्बांचे दोस्त. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, ''काय शायर, घरात डुगडुगणारं स्टूल आहे का?'' आहे म्हटलं. ''त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा घाल. काय होतं?'' मी विचार केला. ज्या पायाखाली पुठ्ठा घातला तो पाय आणि त्याच्या तिरपा समोरचा पाय, असे दोनच पाय भार घेतात. बाकीचे दोन हलके होतात. ''तेच तुझ्या गाडीचं केलंय,'' मिस्त्री म्हणाले.

म्हणजे असं. गाडीचा पुढचा उजवा कोपरा वर ढकलला, तर पुढचं उजवं चाक आणि मागचं डावं चाक जास्त भार घेऊ लागली. पुढचं डावं आणि मागचं उजवं हलकं झालं. कोरड्या रस्त्यावर हे जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की हलकं चाक आधी जाम होतं आणि घसरतं. पुढचं डावं घसरलं, उजव्यानं रस्ता पकडून ठेवला, आणि गाडीचं तोंड पकड असलेल्या बाजूला, म्हणजे उजवीकडं फिरलं. समोरून येणाऱ्या वाहनाकडं. गाडी समोरून सरळ दिसत होती, आणि त्या सरळ दिसण्यातच सगळा घोटाळा होता. गझलेत एका मिसऱ्यात मात्रा कमी पडली म्हणून दुसऱ्या मिसऱ्यात एक वाढवून चालत नाही, हे मला विशीत कळलं होतं. गाडीच्या बाबतीत पन्नाशी उलटावी लागली.

मग मिस्त्रींनी जे केलं ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्यानं पाहून ठेवण्यासारखं आहे. सपाट फरशीवर गाडी घेतली. चारही टायरमधली हवा सारखी केली, डिकीतलं सामान बाहेर काढलं. गाडी थोडी मागं-पुढं ढकलली आणि चारही कोपऱ्यांवर दाबून हलवली, म्हणजे जॅकवर चढवून उतरवल्यावर चाकं आणि बुश आखडून बसलेले असतात ते मोकळे होतात. हे न करता घेतलेलं माप खोटं असतं. माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घेतलं, पण मिस्त्री म्हणाले, ''मडगार्डवर भरवसा ठेवू नको. चाळीस वर्षांत ते दोनदा ठोकलेलं असणार.'' म्हणून खाली वाकून आर्मचा आतला सांधा जमिनीपासून किती वर आहे तेही दोन्ही बाजूंनी मोजलं.

त्यानंतर खरी परीक्षा. मागच्या ॲक्सलच्या बरोबर मधोमध, डिफरन्शिअलच्या गोळ्याखाली ट्रॉली जॅक लावला आणि मागची दोन्ही चाकं जमिनीवरून जराशी उचलली. पुढच्या चाकांना पाचर होतीच. आता गाडीचा मागचा भाग एकाच बिंदूवर तोललेला. मागचे पाटे चांगले असोत की वाईट, ते पुढच्या भागाला इकडं-तिकडं कलवू शकत नाहीत. पुढं जी उंची दिसेल ती फक्त पुढच्या कांबांची. मिस्त्री मला म्हणाले, ''आता मोज.'' मी मोजलं. पुढची उजवी बाजू डावीपेक्षा चांगली पाऊण इंच वर होती. गॅरेजवाल्यानं जेवढी चढवली असेल तेवढीच. म्हणजे मुळात पुढचा भाग सरळ होता. दोष मागं होता, आणि शिक्षा पुढच्याला झाली.

गाडी घोड्यांवर घेतली. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली मिस्त्री कुणाला हात घालू देत नाहीत, मुलाला तर नाहीच. मागचा उजवा पाट्यांचा जुडगा काढला, यू-बोल्ट सोडले, पट्ट्या उघडल्या. वरून तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकाशी आरपार तुटलेला निघाला. पाटे बहुधा तिथंच तुटतात, भोक पाडल्यामुळं तिथं पोलाद कमी असतं. दोन्ही तुकडे पट्ट्यांमध्ये आवळलेले, वर चाळीस वर्षांचं ग्रीस आणि चिखल. बाहेरून कुणाला दिसणार? तुटीच्या कडा गंजून काळ्या पडल्या होत्या. ''हे आत्ताचं नाही,'' मिस्त्री म्हणाले, ''जुनं दुखणं आहे.''

पाट्यांबद्दल थोडक्यात सांगतो. उतरलेले पाटे ठोकून पुन्हा कमान देणारे कारागीर आपल्याकडं अजून आहेत. चांगलं काम असेल तर पुष्कळ दिवस टिकतं. जास्तीचा पाटा घालून उंची वाढवणं मात्र वेगळं, त्यानं गाडी खरोखरच कडक होते. कांबेचं पीळ-स्थान बदलण्यासारखं ते नाही. काहीजण मागची लोंबती शॅकल लांब करतात. शॅकल दोन इंचांनी लांब केली तर गाडी एकच इंच वर येते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. शिवाय ॲक्सलचा कोन बदलतो. मिस्त्रींना हा प्रकार मान्य नाही. आम्ही दोन्ही बाजूंचे तुटके-थकलेले पाटे बदलले आणि दोन्ही जुडगे एकाच कारागिराकडून एका वेळी कमान देऊन घेतले. एकाच बाजूचं केलं तर ती बाजू नवी, दुसरी जुनी, आणि सहा महिन्यांत गाडी डावीकडं कलायची.

पुढची उजवी कांब पूर्वीच्या जागी आणायची होती. पण पूर्वीची जागा कुठली? गॅरेजवाल्यानं सोडण्याआधी खूण केलेली नव्हती. मिस्त्रींच्या मुलानं बॅटरीच्या उजेडात बघितलं. लिव्हर जिथं इतकी वर्षं टेकलेला होता तिथं मातीचा थर नव्हता, जुन्या रंगाची स्वच्छ रेघ होती. त्या रेघेवर त्यानं लिव्हर आणला. मग पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, माझ्यासमोर, आणि डाव्या बाजूलाही एक.

पुढच्या दोन्ही बाजू नव्या गाडीच्या मानानं थोड्या खाली होत्या, पण एकमेकींशी सारख्या. मी विचारलं, दोन्ही चढवायच्या का? मिस्त्रींनी उलट विचारलं, ''तुझी अम्मी आता कशी बसते?'' अम्मीचे गुडघे गेलेत. ''मग ठेव तशीच.'' त्यांनी घरची चार माणसं बोलवायला सांगितली. मी, माझी बायको, भाऊ आणि भावाचा जाडजूड मेहुणा असे गाडीत बसलो. मिस्त्री खुर्चीवरून उठून स्वतः बफर रबरात किती जागा उरते ते बोटांनी बघून आले. ''नवरीबरोबर मागं कोण बसणार?'' दोन फुफ्या, म्हटलं. ''वजनदार?'' मी उत्तर दिलं नाही. त्यांनी मेहुण्याला मागं बसवून पुन्हा बघितलं.

एवढं झाल्यावर गाडी पंधरा किलोमीटर चालवून आणली, यू-बोल्ट पुन्हा आवळले, परत मोजलं. मग व्हील अलाइनमेंट. उंची बदलली की चाकांचा उभा कोन आणि आत-बाहेरचा कल दोन्ही बदलतात, कारण आर्म वर्तुळात फिरतो, सरळ वर-खाली जात नाही. हे केलं नाही तर टायर एका कडेनं खाऊन जातात. हेडलाइटचा झोतही तपासावा. मागचा भाग वर आला की झोत रस्त्यावर पायाशी पडतो, खाली गेला की समोरच्याच्या डोळ्यांत.

अलाइनमेंटच्या दुकानात गाडीची जुनी कागदपत्रं लागली म्हणून मी पुढचा कप्पा उघडला. तिथं अब्बांची वही होती. पेट्रोल, तेल, कुणाचं किती भाडं येणं, सगळं उर्दूत. ती मी पूर्वीही चाळली होती. काही पानांवर एका कोपऱ्यात चार आकडे लिहिलेले असायचे, नुसते आकडे, शेजारी तारीख. मला वाटायचं, चार गिऱ्हाइकांचा हिशेब असेल. त्या दिवशी, हातात मापाची पट्टी असताना, ते आकडे मला वाचता आले. इंच आणि सूत. पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी, मागची उजवी. वर्षातून एकदा, बहुधा ईदेच्या आधी गाडी धुताना, त्यांनी माप घेतलेलं होतं. १९८५ पासून २००९ पर्यंत. पहिले तीन आकडे पंचवीस वर्षांत जेमतेम एखाद-दुसऱ्या सुतानं हललेले. चौथा २००३ पर्यंत स्थिर. नंतर दरवर्षी सूतभर खाली. २००९ च्या पानावर तो सहा सूत उतरलेला होता, आणि त्याच्याखाली अब्बांनी एक रेघ ओढली होती. त्यांना कळलं होतं. पुढच्या वर्षी ते नव्हते, आणि मी बारा वर्षं ती गाडी तशीच चालवली.

वही मी मिस्त्रींना नेऊन दाखवली. त्यांना उर्दू वाचता येत नाही, आकडे मी वाचून दाखवले. चौथा आकडा ऐकताना ते प्रत्येक वेळी मान हलवत होते. शेवटी म्हणाले, ''आता आजचे लिही.'' मी २००९ च्या पानानंतरच्या कोऱ्या पानावर तारीख घातली आणि चार आकडे लिहिले, मराठीत. मागची उजवी अजून एक सूत वर आहे. मिस्त्री म्हणाले, नवी कमान आहे, लग्नापर्यंत बसेल. मी लग्नाच्या आदल्या दिवशी, गाडीवर झेंडू बांधायच्या आधी पुन्हा मोजलं. बसली होती.